अस्थी थांबू शकतात

दहनाच्या अर्जावर सही करणारा माणूस त्या वेळी कागद नीट वाचत नसतो. कुणीतरी बोट ठेवून दाखवतं, इथे करा, आणि इथे, आणि तो सही करतो. त्याच अर्जात कुठेतरी एक रकाना असतो: अस्थी कोण घेऊन जाणार? तिथे बहुतेक वेळा सही करणाऱ्याचंच नाव पडतं, कारण पेन त्याच्या हातात असतं. तो मुलगा असेल, जावई असेल, त्या रात्री हॉस्पिटलमध्ये हजर असलेला पुतण्या असेल. पुढे घरात वाद पेटला, तर वकील सगळ्यात आधी हाच कागद मागतात.

इंग्लंड आणि वेल्समध्ये तर हे नियमातच लिहिलेलं आहे. तिथल्या २००८ च्या दहन नियमावलीप्रमाणे अस्थी अर्जदाराला द्यायच्या, किंवा अर्जदार ज्याचं नाव सांगेल त्याला. अर्जदाराला त्या नको असतील आणि त्याने काही सोयही लावून दिली नसेल, तर दहनगृहाने त्या सांभाळायच्या आणि पुढे चौदा दिवसांची सूचना देऊन सन्मानाने पुरायच्या किंवा विखरायच्या. शेवटच्या आजारपणात रात्री कोणी जागून काढल्या, हे नियम विचारत नाही. विचारणार तरी कसा? खिडकीपलीकडच्या कारकुनाने ते कशावरून ठरवायचं? पण याचा परिणाम असा होतो की ज्या दिवशी डोकं सगळ्यात कमी चालत असतं, त्या दिवशीच्या सहीवर पुढचं सगळं अवलंबून राहतं.

मावशी गेल्यानंतर मी या विषयावरचे निकाल वाचायला लागले. आधी फक्त कोणाचं बरोबर होतं हे समजून घ्यायचं होतं. मग वाचतच राहिले. जितकं वाचलं तितकं मला वाटत गेलं की मृतदेहाबद्दलचा कायदा मुळात घाई गृहीत धरून उभा आहे. देह थांबत नाही. तो लवकर पुरायला किंवा जाळायला हवा, म्हणून कोणातरी एकाला अधिकार द्यायला हवा आणि बाकीच्यांना गप्प बसवायला हवं. देहापुरतं हे शहाणपणाचं आहे. अस्थींना मात्र कसलीच घाई नसते, आणि तरीही देहाची घाई आपण त्यांच्यावर लादतो.

या कायद्याची मुळं फार जुनी आहेत. १६१४ मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम हेन्झ नावाच्या माणसाने थडगी उकरून प्रेतांभोवतीची वस्त्रं चोरली. न्यायाधीशांपुढे प्रश्न आला की ही चोरी नेमकी कोणाची झाली? प्रेत तर कशाचंच मालक असू शकत नाही. शेवटी ठरलं की ज्यांनी ती वस्त्रं गुंडाळली, त्यांचीच ती होती. प्रेत मालक होऊ शकत नाही एवढंच तेव्हा ठरलं होतं. पण काळाच्या ओघात, प्रेताचाही कोणी मालक होऊ शकत नाही, हा नियम त्याच्या जोडीने रुजला आणि इंग्रजी वळणाच्या न्यायालयांत आजही तो पाया मानला जातो.

त्या नियमाची खरी कसोटी १८८२ च्या विल्यम्स विरुद्ध विल्यम्स खटल्यात लागली. या खटल्याने मला फार अस्वस्थ केलं. हेन्री क्रुकेनडेन नावाच्या गृहस्थाने लिहून ठेवलं होतं की आपला देह आपली मैत्रीण एलायझा विल्यम्स हिच्या स्वाधीन करावा, तिने त्याचं दहन करावं आणि राख एका वेजवुड फुलदाणीत ठेवावी. तो वारला. घरच्यांनी त्याला पुरलं. एलायझाने पुष्कळ सांगून पाहिलं, कोणी ऐकलं नाही. शेवटी तिने देह दुसरीकडे पुरायचा आहे असं भासवून तो उकरण्याची परवानगी मिळवली, थेट इटलीत मिलानला नेला आणि तिथे त्याचं दहन केलं. मग परत येऊन तिने झालेल्या खर्चाचा दावा लावला. न्यायमूर्ती के यांनी तो फेटाळला. देह ही मालमत्ता नाही, म्हणून मृत्युपत्राने तो कोणाला देता येत नाही. देहाचा ताबा मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्यांचा, तोही अंत्यसंस्कार होईपर्यंत. परवानगी तिने खोटं कारण सांगून मिळवली होती, तेही तिच्या विरोधात गेलं.

इंग्लंडमध्ये दहन कायदेशीर आहे की नाही, हेच तेव्हा नक्की नव्हतं. ते ठरलं १८८४ मध्ये, वेल्समधल्या डॉ. विल्यम प्राइस यांच्यावरच्या खटल्यात. त्यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा देह टेकडीवर जाळायला घेतला होता आणि त्यावरून गाव चवताळलं होतं. लोकांना उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नाही, असं न्यायमूर्ती स्टीफन यांनी सांगितलं. म्हणजे दहनाला मान्यता मिळायच्याही आधी, राखेबद्दलची माणसाची शेवटची इच्छा कोणावर बंधनकारक नाही हे ठरून गेलं होतं. इंग्लंडमध्ये आजही बऱ्याच अंशी तसंच आहे. तुम्ही काय लिहून ठेवलंत त्याला मान दिला जातो, न्यायालय ते विचारातही घेतं, पण ते कोणाच्या गळ्यात बांधता येत नाही.

देह मालमत्ता नाही हे पटतं. पण अस्थी? दाहिनीत आठशे ते हजार अंश सेल्सिअस उष्णतेत देहातलं जवळजवळ सगळं जळून, उडून जातं. उरतात ती हाडांची खनिजं, मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. आधुनिक दहनगृहांत ती यंत्रात बारीक करून देतात. प्रौढ माणसाच्या अस्थी साधारण दोन-तीन किलो भरतात. त्यातून ओळख पटवण्याजोगं डीएनए सहसा मिळत नाही, म्हणजे हा कलश अमुक माणसाचा आहे याला पुरावा एकच, वरची चिठ्ठी. २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे वडिलांच्या अस्थींवरून भावंडांचा वाद आला, तेव्हा न्यायाधीशांनी या फरकाची दखल घेतली. अग्नीमुळे त्या पदार्थाचं रूपच पालटलं आहे, तेव्हा अस्थी ताब्यात ठेवता येतात, त्यांच्यावर एक प्रकारचा मालकीहक्कही असू शकतो, असं त्यांनी म्हटलं. पण लगेच पुढे त्यांनी अट घातली की ज्याच्या हातात त्या आहेत, त्याने त्या विश्वस्त म्हणून धरायच्या. स्वतःसाठी नाही.

विश्वस्त म्हणून. मी ते वाचलं तेव्हा मला दादा आठवला.

मावशीचा थोरला मुलगा, माझा मोठा मावसभाऊ. मावशीने शेवटची बरीच वर्षं आपल्या मैत्रिणीच्या घरी काढली. दोघी एकेकाळी एकाच शाळेत शिकवायच्या, निवृत्तीनंतर एकत्र राहायला लागल्या. मुलांचं येणंजाणं होतं, तक्रार कोणाची नव्हती, पण मुलांच्या लेखी त्या बाई म्हणजे आई जिच्याकडे राहते ती. मावशी गेली तेव्हा सही दादाने केली. धाकट्याला परदेशातून तिकीट मिळेना, म्हणून अस्थी विसर्जनाचं पुढे ढकललं गेलं. दादाने कलश आपल्या घरी कपाटात ठेवला आणि मला म्हणाला, "तो आला की आम्ही दोघं जाऊन येऊ. बाकी कोणाला धावपळ नको."

त्या बाकी कोणात त्या बाई होत्या. त्यांनी मला फोन करून एवढंच विचारलं, "कधी जाणार आहेत ते कळेल का मला? यायचं म्हणत नाही मी. फक्त कळावं." त्या शब्दांवर मी काय बोलणार होते? मी दादाला सांगितलं. तो गप्प राहिला. हक्काचा प्रश्न असता तर उत्तर सोपं होतं: त्या कोणी नव्हत्या. नातं नाही, मृत्युपत्रात नाव नाही, अर्जावर सही नाही.

पुढे मला स्कॉटलंडचा २०१६ चा दफन आणि दहन कायदा वाचायला मिळाला. मृताने स्वतः काही सांगून ठेवलं नसेल तर निर्णय कोणी घ्यायचा, याची त्यात क्रमवार यादी आहे. जोडीदार, मग लग्नाशिवाय एकत्र राहिलेला जोडीदार, मुलं, आईवडील, भावंडं, असं करत करत चुलत-मावस भावंडं, भाचेपुतणे. आणि अगदी शेवटी एक ओळ: दीर्घकाळचा मित्र. शेवटची का होईना, त्या माणसाची जागा कायद्याने लिहून ठेवली आहे. अशी ओळ सगळीकडच्या कायद्यांत असायला हवी, असं मला मनापासून वाटतं. वर सरकवायला हवी असंही वाटतं.

धाकट्याचं येणं लांबत गेलं. कलश कपाटात होता, आणि मला वाटतं त्या लांबलेल्या काळानेच दादाला बदललं. रोज कपाट उघडलं की समोर तो दिसायचा. धातूचा, झाकणाला चिकटपट्टी, वर नंबर आणि मावशीचं नाव, त्यातलं एक अक्षर चुकलेलं. एका संध्याकाळी त्याने स्वतःहून त्या बाईंना फोन लावला आणि घरी बोलावलं. मी होते तिथे. त्याने झाकण काढलं. आत पांढुरकी करडी, जाडसर वाळूसारखी राख होती, मध्येच एखादा न दळलेला टणक तुकडा. बाईंनी पर्समधून मावशीची गुंड्यांची डबी काढली. दादाने स्टीलच्या चमच्याने त्यात थोडी राख घातली, मग थांबला, आणि म्हणाला, "अजून देऊ?" त्यांनी नको म्हणून मान हलवली. डबीचं झाकण लागेना, म्हणून दादाने ते दाबून लावून दिलं.

कायद्याच्या भाषेत त्या दिवशी काय झालं? ज्याच्याकडे ताबा होता त्याने, कोणतंही बंधन नसताना, वाटणी केली. अस्थींची वाटणी हा तर या सगळ्या वादांतला सगळ्यात नाजूक भाग. फ्रान्सने ती सरळ बंद केली. १९ डिसेंबर २००८ च्या कायद्याने तिथे ठरवलं की अस्थींना देहासारखीच प्रतिष्ठा आहे, त्या आदराने, सन्मानाने आणि सभ्यतेने हाताळल्या गेल्या पाहिजेत, आणि त्या संपूर्ण, म्हणजे एकत्रच, पुरल्या, ठेवल्या किंवा विखरल्या गेल्या पाहिजेत. घरी ठेवायलाही मनाई. कॅथलिक चर्चने २०१६ मध्ये जवळपास हेच सांगितलं: अस्थी विखरू नयेत, वाटू नयेत, घरी ठेवू नयेत. २०२३ च्या अखेरीस मात्र, मृताच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या जागी अगदी थोडा अंश ठेवायला वाव देता येईल, अशी सूट त्यांनी दिली.

न्यायाधीशही वाटणीपासून सहसा दूर राहतात. १९९९ मधल्या इंग्लंडच्या एका खटल्यात विभक्त झालेल्या आईवडिलांचा मुलगा वारला होता आणि अस्थी कुठे ठेवायच्या यावर दोघांचं जमत नव्हतं. अर्ध्या-अर्ध्या करण्याचा मार्ग न्यायाधीशांनी सरळ नाकारला. अमेरिकेत फ्लोरिडाच्या अपील न्यायालयापुढे २०१४ मध्ये असंच प्रकरण आलं. घटस्फोटित आईबाप, अपघातात गेलेला तरुण मुलगा. वडील म्हणत होते, अस्थी मालमत्ता आहे, वाटून द्या. आईचा धर्माच्या कारणाने विरोध. अस्थी ही वाटून देण्यासारखी मालमत्ता नव्हे, असं न्यायालय म्हणालं. एक आई, एक बाप आणि मध्ये एक कलश, याहून भयंकर खटला मला सुचत नाही.

मी न्यायाधीश असते तर मीही कोणाच्या इच्छेविरुद्ध वाटणी केली नसती. ज्याला ती विटंबना वाटते, त्याच्यावर ती लादणं क्रूर आहे. पण राजीखुशीने केलेली वाटणी वेगळी, आणि फ्रान्ससारखी सरसकट बंदी मला जाचक वाटते. दादाचा चमचा मी पाहिला आहे. त्यात विटंबना कुठेच नव्हती.

अस्थी परत आणता येत नाहीत, हेही पक्कं लक्षात घ्यायला हवं. पुरलेला देह, अगदी नाइलाज झाला तर, परवानगी काढून बाहेर काढता येतो. पाण्यात सोडलेली, वाऱ्यावर दिलेली राख कोणतंही न्यायालय परत आणून देऊ शकत नाही. ज्याने घाई केली तो जिंकला, असं होऊ शकतं, आणि म्हणून वाद दिसू लागला की पहिलं काम एकच: ज्याच्याकडे कलश आहे त्याने, किंवा दहनगृहाने, तो आहे तिथेच ठेवणं. इंग्लंडमध्ये दहनगृहाला वादाची लेखी कल्पना दिली तर ते सहसा अस्थी लगेच देत नाहीत, आधी आपसात मिटवा किंवा न्यायालयाचा आदेश आणा म्हणतात. ही साधी गोष्ट ठाऊक नसल्याने किती लोक नुसते तळमळत राहतात.

कधी वाद करायलाही काही उरत नाही. एडिनबरामधल्या मॉर्टनहॉल दहनगृहाचं प्रकरण २०१२ मध्ये बाहेर आलं. जन्मतःच किंवा जन्मानंतर लगेच गेलेल्या बाळांच्या आईवडिलांना तिथे अनेक दशकं सांगितलं जायचं की एवढ्या लहान जिवाच्या अस्थी उरतच नाहीत. त्या उरत होत्या. दहनगृहाच्याच आवारात, आईवडिलांना न सांगता पुरल्या जात होत्या. चौकशी एलिश अँजोलिनी यांच्याकडे सोपवली होती, त्यांचा अहवाल २०१४ मध्ये आला. कित्येक पालकांना आपल्या बाळाच्या अस्थींचं काय झालं हे आता नक्की कधीच कळणार नाही. त्यानंतर स्कॉटलंडच्या त्याच २०१६ च्या कायद्यात अस्थी म्हणजे काय याची व्याख्या घालावी लागली: धातू सोडून, दहनानंतर जे काही उरतं ते सगळं. हाडांची राख, पेटीची राख, अंगावरच्या कपड्याची राख, सगळं. कारण त्या आईला त्यात निवड करायची नव्हती. ही व्याख्या वाचून मी रडले.

आपल्याकडे, भारतात, अस्थींवर कोणाचा हक्क हे सांगणारा वेगळा केंद्रीय कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये परमानंद कटारा प्रकरणात, घटनेच्या एकविसाव्या कलमातली प्रतिष्ठा मृतदेहालाही लागू होते, असं म्हटलं. मृतांचे अवशेष जिथे ठेवले जातात अशा जागेत भावना दुखावण्याच्या हेतूने घुसणं हा गुन्हा १८६० च्या दंडसंहितेत होताच, आता तो भारतीय न्याय संहितेच्या ३०१ व्या कलमात आहे. पण दोन भावंडांत कलश कोणी न्यायचा, हे यातलं काहीच सांगत नाही. ते घरच ठरवतं. म्हणजे घरात ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो, आणि तो आवाज बहुतेक वेळा लेकीचा, सुनेचा, मैत्रिणीचा नसतो.

मोठ्या माणसांच्या अस्थींनाही हे चुकलेलं नाही. गांधीजींच्या अस्थी १९४८ मध्ये ठिकठिकाणी वाटल्या गेल्या. त्यातला एक कलश कटकमधल्या स्टेट बँकेच्या तिजोरीत जवळजवळ पन्नास वर्षं पडून होता. पणतू तुषार गांधी न्यायालयात गेले, आणि ३० जानेवारी १९९७ रोजी अलाहाबादच्या संगमावर त्यांनी त्या अस्थींचं विसर्जन केलं. आणखी एक कलश पुढे मुंबईच्या मणिभवन संग्रहालयाकडे आला. तो प्रदर्शनात ठेवावा की नाही असा प्रश्न आला तेव्हा कुटुंबाने विसर्जनाचा आग्रह धरला, आणि ३० जानेवारी २००८ रोजी गिरगाव चौपाटीजवळच्या समुद्रात ते झालं. साठ वर्षांनंतरही कुटुंबाला विचारलं गेलं, कुटुंबाचं ऐकलं गेलं. अस्थी किती थांबू शकतात, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता? श्यामजी कृष्णवर्मा १९३० मध्ये जिनिव्हात वारले. देश स्वतंत्र झाल्यावर अस्थी मायदेशी जाव्यात म्हणून त्या शंभर वर्षं जपण्याचा करार त्यांनी आधीच पैसे भरून केला होता. त्या २००३ मध्ये भारतात आल्या.

उलट अमेरिकेच्या लेखिका डोरोथी पार्कर. १९६७ मध्ये त्या गेल्या. आपली मिळकत त्यांनी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावे केली होती, पण अस्थींचं काय करायचं हे कुठेच लिहिलं नव्हतं. आधी काही वर्षं त्या दहनगृहातच राहिल्या, मग वकिलाच्या कचेरीत फायलींच्या कपाटात पंधरा वर्षांच्या आसपास. १९८८ मध्ये बाल्टिमोरला एका संस्थेच्या बागेत त्यांना जागा मिळाली, आणि २०२० मध्ये न्यूयॉर्कला, आपल्या माणसांशेजारी. थांबणं वेगळं आणि विसरलं जाणं वेगळं. फरक कोणीतरी नाव लिहून ठेवलं होतं की नाही, एवढाच.

म्हणून मी माझा कागद केला. त्यात पहिलं, निर्णय लेक घेईल असं नावानिशी लिहिलं. दुसरं, कोणाकोणाला तिने आधी विचारलंच पाहिजे त्यांची नावं, त्यात माझी एक मैत्रीणही आहे. तिसरं, वर्षभर काहीही करू नये. चार जणांचं चार तोंडांनी बोलून होऊ दे, भांडण होऊ दे, कोणी यायचं राहिलं असेल तर येऊ दे. न्यायालयात या कागदाला किती वजन येईल, यापेक्षा तो वाचून माझी माणसं एकमेकांना फोन करतील याची मला जास्त खात्री आहे.

मुलांना वाचून दाखवला तेव्हा मुलाने विचारलं, "आणि आम्ही वाटून घेतल्या तर?"

"दोघांची हरकत नसेल तर घ्या," मी म्हटलं.

"आणि एकाची असेल तर?"

त्यावर मला थोडा विचार करावा लागला. मग चौथी ओळ लिहिली: एकाचीही हरकत असेल तर वाटू नयेत. खाली तारीख घातली, सही केली, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, आणि तिघांना प्रती दिल्या: लेकीला, मुलाला आणि मैत्रिणीला.